रात्री पाय पोटाशी ओढले जातात तेव्हा

तुमच्या वहिनींविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते मी तीन वेळा वाचले. उत्तर देण्यापूर्वी ते माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. वहिनींचे वय 41. मल्टिपल स्क्लेरोसिसचे (एमएस) निदान होऊन सात वर्षे झाली. तुमचे भाऊ नोकरीनिमित्त मुंबईला असतात आणि वहिनी गुहागर तालुक्यातल्या घरी, तुमच्या व आईंच्या सोबत. घरात त्या भिंतीच्या आधाराने चालतात, बाहेर काठी लागते. एप्रिलच्या मध्यापासून रात्री त्यांचे दोन्ही पाय एकाएकी गुडघ्यांत दुमडून पोटाशी ओढले जातात आणि त्या वेदनेने त्या जाग्या होतात. उलट सकाळी खाटेवरून पाय खाली सोडले की तेच पाय वाशासारखे ताठ होतात. न्यूरॉलॉजिस्टनी दोन वर्षांपूर्वी ताठरपणासाठी लिहून दिलेले बॅक्लोफेन 10 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा आणि टिझॅनिडीन 2 मिलिग्रॅम रात्री, हे आजही चालू आहे. शेजारी म्हणतात की गोळ्यांनीच पाय लुळे पडले, त्या बंद करा. औषधाच्या दुकानातून पेटक्यांसाठी कॅल्शियम मिळाले. आई रोज रात्री कढत तेलाने पाय चोळतात. आणि तुमचा प्रश्न असा, की आजार वाढला आहे का, आणि बॅक्लोफेनची मात्रा वाढवावी का.

मी गेली 22 वर्षे मेंदू आणि मज्जारज्जूच्या विकारांच्या रुग्णांची फिजिओथेरपी करते आहे आणि त्यांतली बरीच वर्षे चिपळूणच्या आसपासच्या गावांत गेली आहेत. औषधाची मात्रा ठरवणे हे वहिनींच्या न्यूरॉलॉजिस्टचे काम आहे, आणि मी वहिनींना तपासलेलेही नाही; पुढचे सगळे या दोन मर्यादा धरूनच वाचावे. तरीही एक गोष्ट मला ठामपणे सांगता येते. मात्रा किती असावी, हा तुमच्यासमोरचा पहिला प्रश्न नाही. दोन वर्षे त्याच मात्रेवर बऱ्यापैकी चाललेले पाय एप्रिलमध्येच का बिघडले, हा पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुधा तुम्हीच, अगदी जाता जाता, एका वाक्यात लिहून ठेवले आहे: "मधूनमधून उन्हाळी लागते, पण ती या दिवसांत सगळ्यांनाच लागते." त्या वाक्याकडे मी येते, त्याआधी हे पाय असे का वागतात ते थोडे समजून घेऊ.

या आजारात दोष स्नायूंत नसतो. शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते आणि त्यामुळे संदेश मंदावतात, अडखळतात किंवा पोहोचतच नाहीत. मेंदूकडून पायांकडे जाणारे संदेश केवळ "हाल", "उचल" एवढेच सांगत नाहीत. त्यांतला मोठा भाग आवर घालण्याचा असतो. मज्जारज्जूला स्वतःच्या प्रतिक्षिप्त क्रिया असतात. अनवाणी चालताना काटा रुतला की आपण विचार करण्याआधीच पाय वर ओढला जातो, ती मज्जारज्जूची करामत; आणि कपड्याचा स्पर्श, चादरीची घडी, भरलेले मूत्राशय अशा शेकडो किरकोळ संवेदनांना तसाच प्रतिसाद मिळू नये, म्हणून मेंदू सतत वरून आवर घालत असतो. आपल्याकडच्या खारजमिनीच्या बांधाला उघाडी, म्हणजे फळीचे दार असते. ती धड असते तोवर पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जाते आणि भरतीचे खारे पाणी शेतात शिरत नाही. उघाडीची फळी कुजली की उधाणच यावे लागते असे नाही, रोजची साधी भरतीही शेतात घुसते. वहिनींच्या मज्जारज्जूची फळी अशी झिजलेली आहे. त्यामुळे जी संवेदना तुमच्या-माझ्या लक्षातही येणार नाही, ती त्यांच्या पायांपर्यंत काटा रुतल्यासारखी पोहोचते आणि पाय पोटाशी ओढले जातात.

दिवसाचा ताठरपणा याच कारणाचे दुसरे रूप आहे. स्नायू ताणला गेला की तो आकुंचन पावून प्रतिकार करतो, आणि आवर सुटल्यावर हा प्रतिकार वाजवीपेक्षा जास्त होतो. शिवाय ताण जितका जलद, तितका प्रतिकार मोठा. हे वेगाचे गणित घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण रुग्णाला घाईने उठवणे, कपडे चढवताना पाय झटकन सरळ करणे, ओढून बसवणे या प्रेमापोटी केलेल्या गोष्टींनीच पाय अधिक ताठतात. हा त्रास दुर्मीळ नाही. उत्तर अमेरिकेतील सुमारे 20,000 एमएस रुग्णांच्या नोंदींवरून 2004 मध्ये जी माहिती प्रसिद्ध झाली, तीत 84 टक्के लोकांनी कमीअधिक ताठरपणा असल्याचे सांगितले होते.

आता नावांचा गोंधळ दूर करू, कारण आपल्याकडे गोळा येणे, पेटका, वांब, नस चढणे, आकडी हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि उपचार मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे. साध्या पेटक्यात पोटरीत एक घट्ट गाठ हाताला लागते, पाऊल वर ओढून धरले की ती सुटते, आणि बाकीचा पाय शांत असतो. आकडीत बहुधा शुद्ध हरपते; वहिनी पूर्ण शुद्धीवर असतात, बोलतात, तेव्हा ती आकडी नसावी. काहींना रात्री पाय हलवत राहण्याची अनावर इच्छा होते आणि चालले की बरे वाटते. एमएसच्या रुग्णांत हेही बरेच आढळते, त्यासाठी रक्तातील लोह तपासावे लागते, पण तुम्ही केलेले वर्णन तसे नाही. एक प्रकार मात्र न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून सांगण्यासारखा आहे. हात किंवा पाय, बहुधा एकाच बाजूचा, काही सेकंद ते एक-दोन मिनिटे वेदनेसह पिळल्यासारखा वाकडा होतो, पूर्ववत होतो, आणि हे दिवसातून अनेकदा, जवळजवळ एकाच साच्याने घडते. त्यावर बॅक्लोफेनपेक्षा कार्बामॅझेपिनची थोडी मात्रा बरेचदा अधिक गुण देते. ते औषध कधी सुरू झाले आणि अंगावर पुरळ उठले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे असते. एखादा झटका येत असताना मोबाइलवर त्याचे चित्रण करून ठेवा. माझ्या अनुभवात वर्णनाच्या चार पानांपेक्षा वीस सेकंदांचे चित्रण डॉक्टरांना जास्त सांगून जाते.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे दोन्ही पाय एकदम दुमडतात, रात्री दुमडतात, आणि एकदा लघवीला जाऊन आल्यावर तासभर शांत राहतात. हे शेवटचे निरीक्षण फार मोलाचे आहे. आता उन्हाळीकडे येते.

उन्हाळ्यात लघवीला जळजळ झाली की आपण धने-जिऱ्याचे पाणी देतो, सब्जा देतो, कोकम सरबत देतो, आणि निरोगी माणसाची पाणी कमी पडल्यामुळे लागलेली उन्हाळी बहुधा त्याने जाते. एमएसच्या रुग्णाची उन्हाळी मात्र तपासल्याशिवाय उन्हाळी मानू नये. या आजारात मूत्राशयाचे नियंत्रणही बिघडते आणि पुष्कळांचे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. मागे राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. त्यातच संवेदना कमी झालेल्या असल्याने जळजळ थोडीच जाणवते, कधी अजिबात जाणवत नाही, तापही येत नाही; संसर्गाची पहिली आणि एकमेव खूण म्हणजे पायांचे वाढलेले आचके, असे मी अनेक रुग्णांत पाहिले आहे. मूत्राशयाला आलेली सूज मज्जारज्जूला रात्रंदिवस टोचत राहते आणि मज्जारज्जूला एकच उत्तर ठाऊक असते, पाय वर ओढणे.

म्हणून गोळी वाढवण्याचा विचार करण्यापूर्वी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करून घ्या. कल्चरचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यायचा असतो. आधी गोळ्या खाऊन मग दिलेल्या नमुन्यात जंतू बरेचदा सापडत नाहीत आणि कोणते औषध लागू पडेल हे कळत नाही. जमल्यास सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती लघवी उरते तेही पाहून घ्या. ती बरीच उरत असेल, तर संसर्ग बरा होऊनही पुन्हा पुन्हा उलटेल आणि त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागेल, कधी दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळीने लघवी काढणेसुद्धा. ते ऐकून घरचे घाबरतात, परंतु शिकवल्यावर रुग्ण ते स्वतः करतात आणि रात्रीची झोप परत मिळाल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसते.

येथे एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजते. लघवीच्या संसर्गावर आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन सर्रास दिले जाते, आणि पुष्कळदा चिठ्ठीशिवायही मिळते. वहिनी टिझॅनिडीन घेतात. ही दोन औषधे एकत्र घ्यायची नसतात. सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे यकृतात टिझॅनिडीन मोडण्याची क्रिया रोखली जाते, रक्तातील त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, रक्तदाब धोकादायक रीतीने खाली येतो आणि माणूस गुंगीत जातो. तेव्हा गावातल्या डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांच्या पाकिटांसकट जा आणि "या टिझॅनिडीन घेतात" हे वाक्य तोंडाने सांगा. त्यांना पर्यायी अँटिबायोटिक देता येते.

लघवीखालोखाल दोषी असते बद्धकोष्ठता. आपल्याकडे अनेक घरांत संडास अजून घराबाहेर, दोन-चार चिऱ्याच्या पायऱ्या उतरून असतो, आणि ज्या बाईला रात्री तिथवर जाण्यासाठी कोणाला तरी उठवावे लागते ती संध्याकाळपासून पाणी पिणेच बंद करते. वहिनी तसे करतात का, हे तुम्ही नव्हे, आईंनी विचारावे. दिराला हे सांगणार नाहीत. पाणी कमी पडले की पोट साफ होत नाही, आतड्यात मळ साचतो, तोही मज्जारज्जूला डिवचतो, आणि लघवी घट्ट होऊन संसर्गालाही वाव मिळतो. माझा सल्ला असा, की दिवसाचे बहुतेक पाणी दुपारी चारपर्यंत पिऊन व्हावे आणि रात्रीपुरते खाटेजवळ भांडे किंवा कमोडची खुर्ची ठेवावी. या एका खुर्चीने औषधाच्या वाढीव गोळीइतका फरक पडलेला मी पाहिला आहे.

मग पायांची तपासणी. वहिनींच्या पायांची संवेदना कमी असेल तर जखम त्यांना जाणवणार नाही, पण मज्जारज्जूला जाणवेल. रोज उजेडात बसवून टाचा, घोटे, माकडहाडाची जागा, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहावीत. नखुरडे, मांसात रुतलेले नख, टाचेला पडलेली भेग, खाटेच्या कडेने उठलेला लाल वळ, घट्ट इलॅस्टिकचा मोजा, हे सगळे त्या मघाच्या काट्याचे काम करतात. आता पाऊस तोंडावर आला आहे; पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या की त्याही याच यादीत येतात, म्हणून पाय धुऊन बेचक्या कोरड्या करण्याचा नेम आतापासूनच लावा. पावसाळ्यातल्या कोणत्याही तापानेही एमएसची सगळी लक्षणे तात्पुरती उसळतात. त्यातच आपल्या भागात लेप्टोस्पायरोसिस असल्यामुळे तो ताप अंगावर काढणे दुप्पट धोक्याचे आहे.

उकाड्याचे सांगायला हवे, कारण एप्रिल आणि मे म्हटले की तेच पहिले मनात येते. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी झिजलेल्या मज्जातंतूंतून संदेश जाणे आणखी अवघड होते. उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये व्यायामानंतर रुग्णांची दृष्टी काही काळ मंदावते असे नोंदवले होते. पुढे कळले की तो उष्णतेचा परिणाम आहे. त्याने नवी इजा होत नाही, अंग थंड झाले की लक्षण ओसरते. आपल्या किनाऱ्यावर अडचण ही, की हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. त्यामुळे घाटावर जसा ओला कपडा आणि पंखा पुरतो तसा येथे पुरत नाही. अंगावर थेट गार पाणी घेणे, गार पाणी पिणे, मानेवर गार ओला टॉवेल ठेवून तो वरचेवर बदलणे, आणि व्यायाम सकाळी सातच्या आत उरकणे हे अधिक उपयोगी पडते. मात्र एकदम बर्फगार पाणी पायांवर ओतू नका. काहींच्या पायांना त्या धक्क्यानेच आचका येतो. कोणाला गार मानवते आणि कोणाला कोमट, हे प्रत्येकाचे वेगळे असते आणि करून पाहूनच ठरते. न्हाणीतले कढत पाणी मात्र एमएसच्या रुग्णाने वर्ज्यच करावे.

आईंच्या तेल चोळण्याबद्दल मी जपून लिहिते, कारण त्यात त्यांची माया आहे आणि ती बंद करावी असे मी म्हणणार नाही. फक्त पद्धत बदलू द्या. तेल कढत नको, अंगाइतके कोमट असावे, कारण संवेदना नसलेल्या पायांना भाजलेले कळत नाही आणि गरम पिशवीने फोड आलेले रुग्ण माझ्याकडे दरवर्षी येतात. जोरात रगडणे, थापट्या मारणे, बोटे मोडणे बंद. पूर्ण तळव्याने, सावकाश, एकाच दिशेने हात फिरवला की स्नायू निवतो. घाईने चोळले की तोच स्नायू चवताळतो.

आता गोळ्या बंद करण्याविषयी. हे कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. बॅक्लोफेन मज्जारज्जूला तो हरवलेला आवर काही प्रमाणात परत देते, आणि दोन वर्षे त्याची सवय झालेल्या मज्जारज्जूकडून ते एकदम काढून घेतले तर ताठरपणा भयंकर उसळतो, भास होतात, तीव्र ताप येतो, आकडी येऊ शकते. अशा रुग्णाला अतिदक्षता विभागात न्यावे लागते. ते कमी करायचेच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने, निदान एक-दोन आठवडे घेऊन करतात. घाटात दरड कोसळली, औषधांची गाडी आली नाही, तालुक्याच्या दुकानात बॅक्लोफेन संपले, असे पावसाळ्यात होत असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत महिनाभराचा साठा घरात, हवाबंद डब्यात, असू द्या. उलट गोळीने वहिनी दिवसा पेंगत असतील, जीभ जड होत असेल, बोलण्यात गोंधळ होत असेल, तर तेही तातडीने कळवा. बॅक्लोफेन मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे मंद झाली असतील तर नेहमीचीच मात्रा अंगात साचते. टिझॅनिडीन घेणाऱ्यांची यकृताची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने व्हायला हवी. दोन वर्षांत ती झाली नसेल तर या वेळी लघवीसोबत रक्तही देऊन या.

शेजाऱ्यांच्या बोलण्यात एक अर्धसत्य आहे, आणि ते मला फार किंमत मोजून शिकावे लागले. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका गावातल्या बाई माझ्याकडे येत. त्या बंदरावर मासळी निवडण्याच्या कामाला उभ्या राहत. पाय अतिशय ताठ असत. मी त्यांना टेबलावर निजवून गुडघे वाकवून पाहिले, अ‍ॅशवर्थ यांच्या मोजपट्टीवर ताठरपणाचा आकडा मांडला आणि तो बराच वाढला आहे असे डॉक्टरांना कळवले. गोळी वाढली. पुढच्या भेटीत आकडा छान उतरला होता आणि बाईंच्या मनगटाला प्लास्टर होते. त्यांच्या मांड्यांत स्वतःची ताकद फारच थोडी उरली होती. त्या ताठरपणावरच उभ्या होत्या आणि आम्ही तो काढून घेतला होता. निजलेल्या माणसाचा पाय मोजला आणि उभ्या माणसाकडे पाहिले नाही, ही माझी चूक. ती मोजपट्टी 1964 मध्ये एमएसच्याच रुग्णांवरील औषधाच्या चाचणीसाठी तयार झाली आणि आजही उपयोगी आहे, पण हा ताठरपणा माणसाच्या कामाचा आहे की नाही, हे ती सांगत नाही. तेव्हापासून मी रुग्णाला खाटेवरून उठताना, चालताना आणि न्हाणीत जाताना पाहिल्याखेरीज डॉक्टरांना काहीही कळवत नाही.

म्हणून वहिनींच्या बाबतीत रात्र आणि सकाळ वेगळी धरा. रात्री पाय पोटाशी ओढले जाणे याचा काहीही उपयोग नाही. त्याने झोप जाते, टाचा घासतात, आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर गुडघे व खुबे त्याच अवस्थेत आखडून बसतात. सकाळचा ताठरपणा मात्र काही अंशी त्यांना उभे करत असावा. न्यूरॉलॉजिस्टना फोनवर सांगताना "पाय ताठतात" एवढेच न सांगता हा फरक सांगा. कारण शोधून, दूर करूनही त्रास उरला, तर एकूण मात्रा वाढवण्याऐवजी तिची विभागणी बदलून रात्रीचा भाग वाढवणे हा एक मार्ग त्यांच्याकडे असतो, आणि एखाद-दुसऱ्या स्नायूपुरता त्रास असेल तर स्नायू सैल करणारे बोट्युलिनमचे इंजेक्शन हा दुसरा, ज्याचा परिणाम सुमारे तीन महिने टिकतो.

रात्रीसाठी घरी काय करावे ते सांगते. निजण्यापूर्वी लघवी. त्याआधी ओसरीवर चटई घालून पालथे पंधरा-वीस मिनिटे पडणे, पोटाखाली पातळ उशी चालेल; खुब्यांच्या पुढच्या स्नायूंना यासारखा सोपा ताण नाही. पालथे झोपवत नसेल तर जबरदस्ती करू नका. मग पोटरीचा ताण: गुडघा सरळ, टाच तळहातात घेऊन पाऊल हळूहळू वर, आणि तिथे तीस ते साठ सेकंद स्थिर. झटके देत ताणू नये. झोपताना कुशीवर, गुडघे किंचित वाकवून, दोन गुडघ्यांमध्ये उशी. पायांवर जड गोधडी नको. आचका आलाच तर पाय ओढून सरळ करण्याचा हट्ट धरू नका. एक हात गुडघ्याखाली, एक टाचेखाली ठेवून नुसता आधार द्या, लाट ओसरू द्या, आणि मग पाय अलगद खाली न्या. हे आईंना आणि तुम्हाला, दोघांनाही यायला हवे. बसल्यावर पाऊल जमिनीवर टकटक थरथरू लागले तर गुडघ्यावर हात ठेवून टाच जमिनीला दाबून धरा, थरथर थांबते.

आजार वाढला आहे का, या तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की ताप, संसर्ग आणि उष्णता वगळल्याशिवाय ते कोणालाच सांगता येत नाही. तसे काहीही नसताना एखादे नवे लक्षण, म्हणजे दृष्टी अंधुक होणे, नवा बधिरपणा, एका बाजूची कमजोरी, चोवीस तासांहून अधिक टिकले तर तो आजाराचा नवा हल्ला समजून न्यूरॉलॉजिस्टना लगेच गाठायचे. पण अशा हल्ल्यावर सलाईनमधून दिले जाणारे स्टेरॉइड संसर्ग तपासण्याआधीच देण्याचा आग्रह धरू नका. स्टेरॉइडने संसर्ग दबत नाही, फोफावतो. क्रम म्हणाल तर या आठवड्यात लघवी आणि रक्त, आजपासूनच पाणी, पोट, पायांची पाहणी आणि निजण्याची पद्धत; संसर्ग निघाला तर उपचारानंतर आठवडा-दोन आठवडे आचक्यांची नोंद, रात्री किती वेळा आणि लघवीआधी की नंतर; आणि मग ती नोंद घेऊन मात्रेचा निर्णय. ताप चढला, थंडी वाजली, कंबरेत कळ आली किंवा बोलण्यात भ्रम दिसला, तर हा क्रम सोडून त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

शेवटी तुम्ही विचारले आहे, की वहिनींना सकाळी अंगणात उतरून तुळशीला पाणी घालू द्यावे की पडतील म्हणून थांबवावे. थांबवू नका. चालणे बंद झाले की ताठरपणा वाढतोच. फक्त उठल्याबरोबर उतरू देऊ नका. आधी खाटेच्या कडेला दोन्ही पावले पूर्ण टेकवून पाच मिनिटे बसू द्या. टिझॅनिडीनमुळे उठताना रक्तदाब उतरून घेरी येते, तीही तेवढ्या वेळात सावरते. ओसरीच्या पायऱ्यांना त्यांच्या धडक्या हाताच्या बाजूला कठडा बांधून घ्या, आणि तो हात उतरताना एका बाजूला तर चढताना दुसऱ्या बाजूला येतो, म्हणून दोन्ही बाजूंना बांधता आला तर उत्तम. उतरताना कमजोर पाय आधी, चढताना बरा पाय आधी. पाऊस सुरू झाला की चिऱ्यावर शेवाळ धरते. ते दर आठवड्याला खरवडून काढण्याचे काम तुम्ही तुमच्याकडे घ्या.